जुन्या इलेक्ट्रिक बेस गिटारचा संग्रह : मुंबईकरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी जुने बेस जमवतो, दुरुस्त करतो आणि वाजवतो. नवीन माणूस भेटला की तेच तेच प्रश्न येतात. ते रास्तही असतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. उदाहरणांत फेंडर या अमेरिकन कंपनीचं नाव जास्त येईल, कारण बाजारात सगळ्यात जास्त घोळ त्याच नावावर होतात.

किती जुना झाला की बेसला व्हिंटेज म्हणायचं?

कायद्यात बसवलेली व्याख्या नाही. माझ्या ओळखीचे बहुतेक संग्राहक तीस वर्षांची रेघ धरतात. पण नुसत्या वयाने काही होत नाही. 1990च्या दशकातला प्लायवूडचा स्वस्त बेस तीस वर्षांचा झाला तरी तो जुनाच, व्हिंटेज नव्हे. ज्या काळात या वाद्याची घडण ठरत होती त्या काळाची खूण त्या बेसवर हवी.

आणि तो काळ फार लांबचा नाही. 1936च्या सुमारास सिअ‍ॅटलमध्ये पॉल टुटमार्कने ऑडिओव्हॉक्स 736 हा फ्रेट (नेकवर सुरांच्या जागा ठरवणाऱ्या धातूच्या आडव्या पट्ट्या) असलेला, आडवा धरून वाजवायचा विजेवरचा बेस बनवला, पण तो फारसा पसरला नाही. 1951मध्ये कॅलिफोर्नियातल्या फुलर्टनला लिओ फेंडरने प्रिसिजन बेस बाजारात आणला आणि तिथून खरी सुरुवात झाली. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागतो, म्हणून नाव प्रिसिजन. उभा डबल बेस पाठीवर घेऊन फिरणाऱ्या वादकाला हे वाद्य किती हलकं वाटलं असेल! त्याची 34 इंचांची स्केल, म्हणजे वाजणाऱ्या तारेची लांबी, आजही जगभर प्रमाण मानली जाते.

‘प्री-सीबीएस’ हा शब्द सारखा कानावर येतो. म्हणजे काय?

जानेवारी 1965मध्ये सीबीएस या अमेरिकन कंपनीने फेंडर विकत घेतली. त्याआधीचे ते प्री-सीबीएस. मागणी त्यांनाच सर्वाधिक आणि किंमतही. मात्र त्या जानेवारीत कारखान्यातली माणसं, लाकूड, यंत्रं एका रात्रीत बदलली नव्हती. 1965 आणि 1966चे कित्येक बेस त्याआधीच्या बेसांच्या तोडीस तोड आहेत. घसरण हळूहळू झाली. सत्तरच्या दशकातले बेस वजनाला जड, काहींच्या नेकचा (बॉडीला जोडलेल्या लांब दांड्याचा) सांधा सैल. फेंडरच्याच जॅझ बेस या दुसऱ्या मॉडेलची नेक त्या दशकाच्या मध्यापासून चारऐवजी तीन बोल्टांवर बसवू लागले, प्रिसिजनला चारच राहिले. तरी सत्तरच्या दशकातल्या जॅझ बेसच्या आवाजाला जी धार आहे तीच हवी असणारे वादक आहेत, आणि ते चुकत नाहीत.

प्रिसिजन आणि जॅझ बेस यांत फरक काय?

प्रिसिजनला 1957पासून दोन तुकड्यांत विभागलेला एकच पिकअप (तारांचं कंपन विजेच्या संकेतात बदलणारा भाग) आहे. तो विजेची नको असलेली गुणगुण दाबून टाकतो आणि आवाज जाड, गोल देतो. 1960मध्ये आलेल्या जॅझ बेसला दोन सिंगल कॉइल, म्हणजे एकाच वेटोळ्याचे, पिकअप आहेत. नटपाशी, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात त्या पट्टीपाशी, त्याची नेक साधारण दीड इंच, तर प्रिसिजनची पावणेदोन इंच. बोटं आखूड असतील तर जॅझ हातात घेऊन बघाच. सुरुवातीच्या जॅझ बेसला एकावर एक बसवलेली बटणं होती, 1962च्या सुमारास तीन स्वतंत्र बटणं आली. या ‘स्टॅक नॉब’वाल्यांवर संग्राहक जीव टाकतात.

हे बेस मुंबईत आले तरी कसे?

हा माझा सगळ्यात आवडता प्रश्न.

1991पूर्वी परदेशी वाद्य सरळ दुकानातून विकत घेणं बहुतेकांच्या आवाक्याबाहेर होतं. आयातीवर बंधनं होती आणि जकात जबर. त्यामुळे बेस आले ते माणसांच्या हातून. बोटीवर नोकरी करणारा भाऊ घेऊन आला, आखातातून मामा घेऊन आले, एखादा परदेशी प्रवासी पैसे संपल्यावर विकून गेला. बाकीच्यांनी कोलकात्याच्या गिवसनसारख्या देशी वाद्यांवर भागवलं, किंवा सुताराकडून बॉडी कापून घेऊन त्यावर मिळेल तो पिकअप बसवला.

आणि या शहरात बेस वाजवणाऱ्याला काम होतं. ताडदेवचं फिल्म सेंटर, महालक्ष्मीचा फेमस, वांद्र्याचा मेहबूब, तिथे रोज ध्वनिमुद्रणं चालायची. धोबी तलाव-गिरगावच्या गोवन वादकांनी हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद उभा केला. आर. डी. बर्मन यांच्या ध्वनिमुद्रणांतला टोनी वाझ यांचा बेस किंवा चरणजित सिंग यांचं बेसवादन नीट हेडफोन लावून ऐका. गाण्याची चाल कुठे झुकते ते खालच्या तारा आधी सांगतात. शिवाय गणेशोत्सवातले ऑर्केस्ट्रे, लग्नं, रंगभवनातले रॉकचे कार्यक्रम होतेच. यातले बरेच बेस आजही माळ्यावर आणि पलंगाखाली पडून आहेत. अमेरिकेतल्या दुकानात टांगलेल्या बेसला किंमत आहे, पण वीस गणेशोत्सव वाजलेल्या बेसची हकीकत त्याच्याकडे नाही. ती हकीकत वादकाबरोबर जाते, म्हणून तो असेपर्यंत विचारून लिहून घ्या. मी प्रत्येक बेससाठी एक वही ठेवतो.

पहिला जुना बेस कोणता घ्यावा?

जपानी. मी हे अगदी ठामपणे सांगतो.

सत्तरच्या दशकात जपानमधले ग्रेको, टोकाई, फर्नांडिस, आयबानेझ हे अमेरिकन वाद्यांच्या इतक्या चांगल्या प्रती बनवू लागले की 1977मध्ये गिब्सनच्या मालक कंपनीने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरकावर हेडस्टॉकच्या (नेकच्या टोकाच्या, तारा ताणायच्या खुंट्यांच्या भागाच्या) आकारावरून दावा लावला. तो दावा एकाच वितरकावर होता, पण त्यामुळे त्या काळातल्या सगळ्याच जपानी प्रतींना आज ‘लॉसूट’ म्हणतात. विक्रेता तो शब्द वापरून भाव चढवत असेल तर शब्दाकडे लक्ष देऊ नका, वाद्य बघा.

1982मध्ये फेंडरने स्वतःच फेंडर जपान स्थापन केलं. फुजिजेन कारखान्यात बनलेल्या पहिल्या बेसांचे क्रमांक ‘जेव्ही’ अक्षरांनी सुरू होतात. 1982 ते 1984मधले हे बेस, त्यांतले फेंडरच्याच स्क्वायर या दुसऱ्या नावाचे सुद्धा, कारागिरीत पहिल्या दर्जाचे आहेत. यामाहाची 1977पासूनची बीबी मालिकाही तशीच भक्कम, मुंबईच्या हवेतही नेक सहसा जागा सोडत नाही. यांची किंमत जुन्या अमेरिकन फेंडरच्या तुलनेत फार कमी असते, आणि शिकताना झालेली चूक परवडते.

मुंबईत शोधायचं कुठे?

पहिल्यांदा माणसांत. चर्चच्या वाद्यवृंदात, जुन्या ऑर्केस्ट्रातल्या वादकांकडे, ध्वनिमुद्रण करणाऱ्यांकडे शब्द टाकून ठेवा. माझे निम्म्याहून जास्त बेस असेच आले. धोबी तलावला जेर महालातलं फर्टाडोज 1865पासून आहे. तिथे मुख्यतः नवी वाद्यं मिळतात, पण त्या परिसरात दुरुस्ती करणारे आणि वादक यांची ये-जा असते, आणि बातमी तिथेच फिरते.

चोरबाजारात मटण स्ट्रीटला जरूर जा (शुक्रवारी दुकानं बंद असतात), पण बेसपेक्षा जुने अ‍ॅम्प, स्पीकर, ट्यूनिंग की मिळण्याची शक्यता जास्त. पॉट (बटणाखालचा, आवाज कमी-जास्त करणारा पोटेन्शिओमीटर), कपॅसिटर, वायर यांसाठी लॅमिंग्टन रोड.

ऑनलाइन जाहिरातीतला बेस प्रत्यक्ष हातात घेतल्याशिवाय आगाऊ पैसे देऊ नका. उपनगरातल्या एका विक्रेत्याने मला ‘1964चा’ म्हणून बेस दाखवला होता. फोटोत सगळं ठीक दिसत होतं. हातात घेऊन नेक उघडली तर आतला शिक्का 1978चा होता.

खरा की जोडतोड केलेला, हे कसं ओळखायचं?

एका खुणेवर कधीच विश्वास ठेवू नका. चार-पाच खुणा एकाच वर्षाकडे बोट दाखवतात का, ते बघायचं.

आधी क्रमांक. जुन्या फेंडरवर तो नेकच्या मागच्या धातूच्या पट्टीवर असतो. 1963 ते 1965च्या दरम्यान ‘एल’ने सुरू होणारे क्रमांक, 1965च्या अखेरीपासून मोठ्या ‘एफ’ची पट्टी, आणि 1976पासून क्रमांक हेडस्टॉकवर गेला. पण पट्टी चार स्क्रूंवर असते, कोणीही बदलू शकतो, आणि कारखान्यातही पट्ट्या क्रमाने लागत नसत. म्हणून क्रमांक हा फक्त सुरुवातीचा अंदाज.

मग नेक उतरवा. नेकच्या टोकाला पेन्सिलने लिहिलेली किंवा शिक्क्याने उमटवलेली तारीख असते. बेस पूर्ण कधी झाला हे ती सांगत नाही, नेक कधी झाली ते सांगते.

मग पॉट. प्रत्येक पॉटच्या पाठीवर आकडे कोरलेले असतात. पहिले तीन कारखान्याचे : 137 म्हणजे सीटीएस, 304 म्हणजे स्टॅकपोल. पुढचे आकडे वर्ष आणि आठवडा. 1376633 म्हणजे सीटीएसचा, 1966च्या 33व्या आठवड्यातला पॉट. तो बसवलेला बेस त्याच्याआधीचा असू शकत नाही, नंतरचा असू शकतो. फेंडरने 1966मध्ये पॉटचा मोठा साठा घेतला होता, त्यामुळे पुढच्या दोन-तीन वर्षांच्या बेसांत 1966चे पॉट सर्रास दिसतात. अशा बेसला लगेच खोटा ठरवू नका.

सोल्डरचे सांधे बघा. साठ वर्षांपूर्वीचा सांधा निस्तेज, करडा दिसतो. चकचकीत असेल तर तिथे कोणीतरी हात घातला आहे. पिकअप बदलला असेल किंवा एखादी तुटकी वायरच जोडली असेल, विचारा. मल्टिमीटर जवळ ठेवा. जुन्या प्रिसिजनचा पिकअप साधारण 10 ते 12 किलोओहम दाखवतो, जॅझचा 7 ते 8च्या आसपास. काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे.

रंगासाठी अल्ट्राव्हायोलेट टॉर्च घ्या, नोटा तपासायला वापरतात तसली चालते. जुनं नायट्रोसेल्युलोज लॅकर तिच्या प्रकाशात पिवळसर हिरवं चमकतं, नंतर मारलेला रंग वेगळा, बहुधा काळपट दिसतो. 1964च्या सुमारापर्यंतच्या फेंडर बॉडीवर, पिकगार्डखाली (तारांखालच्या प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याखाली), रंग वाळवताना ठोकलेल्या खिळ्यांची छिद्रं असतात. खिळे रंगानंतर काढत, म्हणून खऱ्या छिद्रात रंग नसतो. छिद्रात रंग भरलेला असेल तर बॉडी पुन्हा रंगवली आहे.

आयबानेझचं सोपं आहे. त्या काळच्या क्रमांकात पहिलं अक्षर महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी, एल म्हणजे डिसेंबर. पुढचे दोन आकडे वर्षाचे. ‘ई78’ म्हणजे मे 1978.

गिब्सनचे ईबी मालिकेतले आणि थंडरबर्ड बेस महोगनीचे, आणि त्यांचा हेडस्टॉक मागे कललेला असतो. ते पडले की तिथेच तडा जातो. नटच्या मागे नखाने चाचपून बघा. नीट चिकटवलेला तडा वाजवायला अडचण करत नाही, पण किंमत बरीच खाली येते आणि विक्रेत्याने ते आधी सांगायला हवं.

रंग उडालेला आहे. नव्याने रंगवून घेऊ?

नाही. मूळ रंग कितीही झिजलेला असला तरी तो मूळ आहे. व्यापाऱ्यांचा ठोकताळा असा की पुन्हा रंगवला की किंमत जवळपास निम्मी होते. आणि किंमत बाजूला ठेवली तरी, कुणाच्या तरी मनगटाने तीस वर्षं घासून केलेली ती जागा पुसून टाकायला माझा हात धजत नाही.

पावसाळ्यात काय काळजी घ्यायची?

मुंबईत बेस खराब होतात ते वाजवून नव्हे, जून ते सप्टेंबरच्या दमट हवेने. हवेतली आर्द्रता कित्येक दिवस ऐंशी टक्क्यांच्या वर असते, आणि लाकडाला पंचेचाळीस ते पंचावन्न मानवते. लाकूड ओल पितं, नेक हलते, तारा फ्रेटवर घासू लागतात किंवा एकदम उंच होतात. फ्रेटवर हिरवट थर येतो, कारण ज्याला आपण निकेल सिल्व्हर म्हणतो त्यात चांदी नसते, मुख्यतः तांबं असतं. समुद्राजवळच्या घरात ब्रिजच्या (बॉडीवर तारा टेकतात त्या धातूच्या भागाच्या) स्क्रूंना गंज लागतो आणि दोन वर्षांत ते फिरेनासे होतात.

मी काय करतो ते सांगतो. केसमध्ये दोनशे-तीनशे रुपयांचा आर्द्रतामापक आणि सिलिका जेलच्या पुड्या. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर गरम करून पुन्हा वापरायचं. बेस बाहेरच्या भिंतीला टेकवायचा नाही, न्हाणीघराच्या भिंतीला तर नाहीच, आणि माळ्यावर अजिबात नाही, कारण मे महिन्यात तिथे भट्टी होते. आठवड्यातून एकदा केस उघडून बेस बाहेर काढायचा, वाजवायचा, तारा आणि धातू सुक्या सुती कापडाने पुसायचे. केसचं जुनं मखमली अस्तर बुरशीला फार आवडतं. वास आला तर अस्तर उन्हात, बेस सावलीत.

डांबरगोळ्या केसमध्ये टाकू नका. त्यांची वाफ प्लॅस्टिक आणि लॅकर मऊ करू शकते. स्टँडच्या रबराला जुन्या लॅकरशी वैर आहे, चिकटून डाग पडतो, म्हणून रबरावर सुती कापड गुंडाळा. साठच्या दशकातले कासवरंगी पिकगार्ड सेल्युलॉइडचे असतात, ते आकसतात आणि त्यांतून निघणारी वाफ जवळचा धातू खाते. केस अधूनमधून उघडी ठेवण्याचं हेही एक कारण.

एसीच्या खोलीतून थेट बाहेर नेताना बेस अर्धा तास बंद केसमध्येच राहू द्या, नाहीतर थंड धातूवर पाणी सुटतं.

आणि तळमजल्यावर राहत असाल तर केस जमिनीवर ठेवू नका. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर कुर्ल्याच्या एका मित्राकडे मी जी वाद्यं पाहिली, त्यांचे सांधे पुस्तकाच्या पानांसारखे सुटले होते. हिंदमाता परिसरात तर बरीच वर्षं पाणी भरत आलं आहे. कपाटाचा वरचा खण बेसला द्या.

नेक वाकली आहे. ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा वाक आवरणारी सळई) घरी फिरवू का?

हळूहळू, पाव फेरा, मग एक रात्र थांबून. जुन्या फेंडरमध्ये हा रॉड फिरवायचा नट नेकच्या बॉडीकडच्या टोकाला असतो, त्यासाठी नेक सैल करावी लागते. रिकनबॅकर कंपनीच्या जुन्या 4001 बेसला दोन रॉड आहेत. त्यात आधी नेक हाताने हवी तशी दाबून घ्यायची आणि मग नट नुसता घट्ट करायचा. नटच्या जोरावर नेक सरळ करायला गेलात तर फ्रेटबोर्ड उचकटतो. खात्री नसेल तर जाणकाराकडेच न्या.

तारा कुठल्या?

साठच्या दशकातला गोल, मखमली आवाज हवा तर फ्लॅटवाउंड, म्हणजे चपट्या तारेने गुंडाळलेल्या. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन याने 1962च्या प्रिसिजनवर ला बेला कंपनीच्या फ्लॅटवाउंड तारा वर्षानुवर्षं बदलल्याच नाहीत. खणखणीत आवाज हवा तर राउंडवाउंड, म्हणजे गोल तारेने गुंडाळलेल्या, पण त्या जुन्या फ्रेट लवकर झिजवतात.

परदेशातून मागवता येईल का?

येतो, पण विक्रेत्याचा भाव आणि तुमच्या दारातला भाव यांत फार अंतर पडतं. भाडं, विमा, जकात, जीएसटी धरूनच हिशेब करा. वापरलेल्या वस्तूंच्या आयातीला नव्यापेक्षा वेगळे नियम आहेत, म्हणून पैसे पाठवण्याआधी कस्टम्स एजंटशी बोला.

लाकडाचाही प्रश्न आहे. ब्राझिलियन रोजवूड 1992पासून साइट्स या, दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या पहिल्या परिशिष्टात आहे, आणि साठच्या दशकाच्या मध्यापर्यंतच्या अनेक फेंडरचे फ्रेटबोर्ड त्याचेच. असा बेस कागदपत्रांशिवाय सीमेपलीकडे नेता येत नाही. पुढे त्या जागी भारतीय रोजवूड आलं, म्हणजे आपलं शिसवी. 2017मध्ये त्यावरही निर्बंध आले, पण तयार वाद्यांना नोव्हेंबर 2019पासून सूट आहे. फुलर्टनमध्ये घडलेल्या बेसचा फ्रेटबोर्ड आपल्या शिसवीचा निघाला की मला दर वेळी आनंद होतो.

जुना अमेरिकन अ‍ॅम्प मिळतोय. घेऊ?

घ्या, पण भिंतीतल्या प्लगला थेट लावू नका. अमेरिकन अ‍ॅम्प 120 व्होल्टचा, जपानी 100चा, आपल्याकडे 230. योग्य क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. दोन पिनांची जुनी वायर असेल तर आधी तीन पिनांची करून अर्थिंग घ्या. बेसच्या तारा ब्रिजमधून अर्थला जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पचं अर्थिंग बिघडलेलं असताना एका हातात तारा आणि ओठ माइकला, असं झालं तर जिवावर बेतू शकतं. मांडवात पावसाळी जमिनीवर उभे राहून वाजवणाऱ्यांनी हे विसरू नये.

गुंतवणूक म्हणून कसं?

त्यासाठी घेऊ नका. मूळ स्थितीतल्या प्री-सीबीएस बेसांना जगभर गिऱ्हाईक आहे, पण मुंबईत ते मोजकेच, आणि घाईत विकायचं झालं तर पडेल भाव घ्यावा लागतो.

पार्ट बदलले तर चालतं का?

वाजवण्यासाठी बदला, पण काढलेला प्रत्येक स्क्रूसुद्धा पाकिटात घालून, तारीख लिहून केसमध्ये ठेवा. नवं छिद्र पाडू नका. 1976मध्ये आलेल्या म्युझिक मॅन कंपनीच्या स्टिंगरेसारख्या, बॅटरीवर चालणाऱ्या सर्किटच्या बेसमधून, तो ठेवून देताना, 9 व्होल्टची बॅटरी काढा. ती गळली की सर्किट संपलं.

वडिलांचा जुना बेस माळ्यावर सापडला. आता काय करू?

आधी काहीच पुसू नका. पॉलिश नको, तेल नको. जसा आहे तसे सगळ्या बाजूंनी फोटो काढा, केसचे आणि केसमधल्या चिठ्ठ्यांचेसुद्धा. तारा गंजलेल्या असल्या तरी एकदम सगळ्या काढू नका, नेकवरचा ताण अचानक जातो. थोड्या थोड्या सैल करा.

मग वडील असतील तर त्यांच्याजवळ बसा. गिरगावातल्या एका काकांकडून मी बेस घेतला तेव्हा त्यांनी केसच्या खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर शाईने गाण्यांचे सूर लिहिलेले होते आणि वर शिवाजी मंदिरातल्या कार्यक्रमाची वेळ. ‘‘हा कागद नको असेल तुला,’’ ते म्हणाले. मी तो वहीत चिकटवला. त्या संध्याकाळी त्यांनी शेवटचा म्हणून बेस मांडीवर घेतला, ई तार छेडली, आणि ती वाजत असताना कोणत्या वर्षी, कुठल्या मांडवात, कोणाबरोबर, असं एकेक सांगत गेले. मी लिहीत होतो. पाच पानं भरली.